उजव्या पायाचा आंगठा

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

वरवट बकाल,
पोळ्याची कर, दुपारचे दोन

गंगाभागीरथी शालूबाईले गंगाभागीरथी अन्नपूर्णाचा नमस्कार. (ही पदवी तुमाले भेटून अकरा वर्सं झाली, मले सवा वर्स. म्हनून तुमचं नाव आधी लिहिलं. नाहीतं वयानं मी मोठी अन् नात्यानंही मोठी, तुमच्या भावाची बायको.) इकडे समदं खुशाल हाये. म्हनजे म्हैस खुशाल हाये, गाभन हाये. तुमचे गुडघे कसे हायेत? ज्ञानेश्वर बरा असंन. काजल सून तुमाले अजूनही बिनसाखरेचाच चहा देते का? देऊ द्या. साखर तिच्या बोलन्यातही नाही, तुमाले सवय झाली असंन.

पत्र पाहून तुमी म्हनसान, घरोघरी फोन असताना हिले कागद कुठून सुचला. बाई, फोन मी चौदा डाव लावला. तुमी हॅलो म्हनता, माहा आवाज आयकता अन् कट करता. एक डाव तं मी बोललीच नाही, निस्ती खोकली, तरी तुमी वळखलं. कागद काही कट करता येत नाही. फाडता येते, पन मी तुमाले चाळीस वर्सांपासून पाहून राह्यली, तुमी आधी वाचसान, मंग फाडसान. अन् वाचायच्या आधीच सांगून ठेवते का मी हे पत्र काही मागन्यासाठी लिहीत नाही. तुमी इकडे या असंही म्हनत नाही. बिलकूल येऊ नका. माह्या पायाच्या आंगठ्याचं काय झालं ते घरच्या मानसाले मालूम असावं, एवढंच.

तं आंगठा. उजवा. आखाडात त्याच्या नखाचा कोपरा मासात घुसला. पहिले मले वाटलं काटा रुतला असंन. मंग तिथं लाल झालं, मंग सुजलं, मंग असं ठनकू लागलं का गोधडीचा काठ लागला तरी डोळ्यात पानी येये. दुखन्यातही मानपान असते पाहा. छातीत कळ आली म्हटलं तं चार मानसं धावतात, साप चावला म्हटलं तं गाव जमा होते. नख रुतलं म्हटलं तं लोक म्हनतात, बरं, अन् चहा मागतात. म्हनून मी कोनाले सांगतलं नाही. हे अर्धं कारन. बाकीचं अर्धं म्हनजे गजेंद्र.

तुमचा भाचा पुन्याले चौथ्या मजल्यावर राह्यते हे तुमाले मालूमच हाये. त्याचे वडील गेले तवापासून त्याचं एकच पालुपद. आई, तू एकटी नको राहू, काही झालं का मी तुले घेऊन जातो. आता त्याचं ते "काही" कवा होते त्याची तो वाटच पाहून राह्यला. गावात अर्ध्या लोकांपाशी त्याचा नंबर हाये. मी देवळाच्या पायरीवर नुस्ती दम घ्याले टेकली तं संध्याकाळी पुन्याहून फोन, आई, तुले चक्कर आली का? म्हनजे मी लंगडली का खलास. म्हैस विकंन, घराले कुलूप, अन् आपल्या महालक्ष्म्याही पुन्याले. (त्या लिफ्टमधून कशा जातीन सांगा. ज्येष्ठा एका खेपेले, कनिष्ठा दुसऱ्या खेपेले, अन् लेकरं खाली वाचमनपाशी?) तिथं मी दोन डाव राहून आली. राखी सून गुनाची हाये, काही कमी पडू देत नाही. पन सकाळी दोघं कामाले गेले का मी खिडकीत, अन् समोरच्या खिडकीत दुसरी एक म्हातारी. आम्ही दोघी एकमेकीकडे पाहात होतो. वीस दिवसांनी तिनं हात हालवला. तवर माह्या परत यायचा दिवस आला.

म्हनून मी ठरवलं, लंगडायचं नाही. डेअरीवर दूध घालाले जाताना मी अशी सरळ चालली, अशी सरळ चालली, का पाटलाची सून म्हने, काकू, तुमी तं जवान होऊन राह्यल्या. घरात आली का दार लावून, खाली बसून, पाय धरून, तोंडात पदराचा बोळा.

इलाज घरीच केला. पहिले घमेल्यात मीठ टाकून कढत पानी घेतलं अन् पाय बुडवला. बरं वाटलं. पानी थंड झालं का पुन्हा ठनका. मंग हळद-तेल. मंग नख कापून टाकावं म्हटलं, तं माहं कंबरडं तुमाले मालूम हाये. तुरीच्या गंजीवरून पडली तवापासून मी वाकून स्वतःचा पाय पाहू शकत नाही. आंगठा माहा, पन मी त्याले दुरूनच वळखते. अंदाजानं ब्लेड चालवलं. कोपरा कापला गेला, निस्ता नखाचा नाही, जरा माहाही.

तिसऱ्या दिवशी शेजारची सरवरी आली. (शिलाई मशीनवाली. तुमचं ते जांभळं पोलकं तिनंच शिवलं होतं, जे तुमाले तंग झालं अन् तुमी तिले दोष देल्ला. तिचा दोष नव्हता.) तिले मी सांगतलं नव्हतं, पन शिवनाऱ्या बाईची नजर खालपासून वर जाते. म्हने, भाभी, ये क्या कर लिया, दिखाव. मंग म्हने, नखाच्या कोपऱ्याखाली जरासा कापूस सारायचा, म्हनजे नख उचलते अन् मासात जात नाही. घरात कापूस कुठं? देवापाशी फुलवाती होत्या. तिनं एक फुलवात उकलली, सुईच्या मांगच्या बोथट बाजूनं हळूच नखाखाली सारली. मी देवाची माफी मांगितली. सरवरी म्हने, माफी मत मांगो, ऊपरवाले को सब मालूम. खरं सांगते शालूबाई, त्या फुलवातीनं दोन दिवस आराम पडला. म्हने, रोज बदला, अन् दुसरं काही लावू नका. इथंच मी थांबली असती तं हे पत्र लिहायची पाळी आली नसती.

पन कडूबा आला. कडूबा तुमाले आठवत असंन, बैलाले नाल ठोकनारा. आता टॅक्टर आले, बैल कमी झाले, अन् तो ओट्याओट्यावर बसून लोकांचे पाय पाहात राह्यते, सवयच ती. पोळ्याआधी आठ दिवस आला, अन् मी दारात उभी होती, तं माह्या तोंडाकडे न पाहता पायाकडे पाहून म्हने, वहिनी, उजवा उचलून धरून राह्यल्या तुमी. मले वाटलं आता हा पुन्याले फोन करते. म्हनून मी त्याले आत बोलावलं, चहा देल्ला, आंगठा दाखवला, अन् शपथ घातली. कडूबानं दोन बोटांनी आंगठा दाबला, वास घेतला (ज्याची त्याची पद्धत) अन् म्हने, बैलाचं खूर असंच चिघळते, मोरचुदाचं पानी करा अन् पाय बुडवा, चार दिवसांत खडखडीत. मी इचारलं, मानसाले चालते का? तं म्हने, वहिनी, बैलाले चालते तं मानसाचं काय? पहिले तं तो म्हने बैलाले आडवं पाडून चारी पाय बांधल्याशिवाय मी हात लावत नाही, तुमच्यासाठी तेवढं सोडून देतो.

आता मोरचूद म्हनजे निळे खडे, तुमाले मालूम हाये. किती टाकायचे ते तो सांगून गेला, पन तो माप बैलाचं सांगून गेला. मी तेवढंच टाकलं. पानी असं निळं झालं जसं काही आभाळ घमेल्यात उतरलं. पाय बुडवला अन् जो भडका उडाला! तरी मी शंभर मोजले. बाहेर काढला तं आंगठा, बोटं, घोट्यापर्यंत समदं निळं-हिरवं. घासलं, साबन लावलं, राख लावली. निंगेना. सरवरी आली, तिनं कपाळाले हात लावला. म्हने, मी काय सांगतलं होतं? मंग तिनं पाय धुवून देल्ला, मले खाटेवर बसवलं, पाय उंच ठेवा म्हने, म्हनून समोर स्टुलावर पाय ठेवला अन् ती चहा कराले गेली.

तेवढ्यात गजेंद्रचा फोन. तोंड दिसनारा फोन. मी तो नेहमी पान्याच्या तांब्याले टेकवून ठेवते, म्हनजे हात मोकळे. मी बटन दाबलं अन् टेकवला. मले वाटलं त्याले माहं तोंड दिसून राह्यलं. त्याले दिसत होता एक निळा पाय. तिकडून एकदम, आई, हा कोनाचा पाय हाये? आता पाहा, मानूस घाबरला का खरं बोलते. मी घाबरली नव्हती. मी म्हटलं, सरवरीचा. तं तो म्हने, सरवरी चाची तं मांगं उभ्या दिसून राह्यल्या, दोन्ही पायावर. सरवरीच्या हातात चहाची कपबशी, ती म्हने, बेटा, मेरे तो दोनोंच है, ये तीसरा तेरी अम्मा का.

तो दुसऱ्या दिवशी दुपारी दारात हजर. आंगठा पाह्यला अन् त्याचं तोंड आंगठ्यापेक्षा निळं झालं. त्याले वाटलं सडला. मले गाडीत घालून शेगावले डॉक्टरीनबाईपाशी नेलं. बाई चांगली हाये, तरनीताठी, पन हात हलका. तिनं आधी रक्त तपासलं, साखर नाही निंगाली. मंग निळ्या रंगाचं इचारलं. मी मोरचूद म्हटलं तं तिनं पेन खाली ठेवला. गजेंद्र भिंतीकडे पाहू लागला. मंग तिनं सुई देऊन आंगठा बधिर केला अन् रुतलेलं नख कडेनं कापून काढलं, जवळपास अर्धं. मले दाखवलं. एवढासा तुकडा बाई, तांदळाच्या कनीएवढा त्याचा काटा. त्याच्यापायी एवढं.

पट्टी बांधताना ती बोलत होती. म्हने, आजी, नखं सरळ कापायची, कोपरे गोल करायचे नाही, तुमी गोल केले म्हनून हे झालं. मी म्हटलं, मले दिसतच नाही तं गोल काय अन् सरळ काय. तं ती म्हने, मंग आधी कोन कापत होतं तुमची नखं? एवढी वर्सं तं काही रुतलं नाही, म्हनजे कोनीतरी सरळ कापत असंन.

शालूबाई, गजेंद्र तिथंच उभा. मी म्हटलं, एक न्हावी होता, तो वारला.

तुमाले सांगते, कारन तुमी सोडून हे सांगावं असं दुसरं कोनी उरलं नाही. तुमचे भाऊ कापत. दर दुसऱ्या इतवारी, जेवन झाल्यावर, मांगच्या अंगनात, न्हानीच्या भिंतीच्या आडोशाले, मांगच्या दाराची कडी लावून. मी गंजीवरून पडली त्या वर्सी एक डाव इळ्यानं नख काढाले बसली होती, ते त्यायनं पाह्यलं. खाली बसले, माहा पाय उचलला अन् मांडीवर घेतला. मी म्हटलं, अवो, मले पाप लागंन. ते म्हने, चूप बस, हालू नको. सहा वर्सं तेवढंच बोलले. नाकावर चश्मा, दाताखाली जीभ, असे कापत जसं काही कलम बांधून राह्यले. ज्या मानसानं तुमच्यासमोर कधी स्वतःचं ताट उचललं नाही, पान्याचा गिलास हातानं घेतला नाही, त्याचं सांगून राह्यली मी. अन् कडी कोनासाठी होती? तुमच्यासाठी. शालीले दिसलं तं ती जन्मभर बोलंन, असं म्हनत. तुमी दिवाळीले आल्या का आमची नखं वाढत.

तेरवीच्या दिवशी तुमी चार मानसात म्हटलं का हिच्या हातून माह्या भावाची सेवा झाली नाही. अन् मी म्हटलं, शालूबाई, आधी बुंदी खा, मंग रडा, आवाजाले जोर येईन. बाया हासल्या. तुमी ताटावरून उठल्या, पानीही पेल्या नाही, अन् तवापासून ह्या घराची पायरी चढल्या नाही. मी ही गोठ बऱ्याच जनीले हासत सांगतली. हासत सांगतली तरी मले ती कधी गमतीची वाटली नाही. त्या दिवशी तुमाले रडू येत होतं अन् मले येत नव्हतं. एक थेंब नाही. मले तुमचा राग तुमच्या बोलन्याचा आला नाही, तुमाले एवढं रडता येते ह्याचा आला. तुमी बोलल्या ते खोटंही नव्हतं. सेवा त्यायनंच केली माही. बुंदीचं मी बोलाले नव्हतं पायजे. हे मी एक डाव लिहून देल्लं, पुन्हा तोंडानं इचारसान तं मी नाही म्हनीन.

गाडीत परत येताना गजेंद्र म्हने, आई, मले तुह्यावर रागवायचं नाही, पन तू बैलाचं औषध लावून बसली अन् मले सांगतलं नाही. मी तिकडे ऑफिसात बसून तुह्या निळ्या पायाचा इचार करू का काम करू? घरात दोघी असत्या तं मी काही म्हटलं नसतं. एकटीले मी आता ठेवनार नाही, महालक्ष्म्या उठल्या का तू माह्यासंगं चाल. त्याचा आवाज त्याच्या बापासारखा झाला शालूबाई, चूप बस, हालू नको, तसा. मी खिडकीतून पाहात राह्यली. काल पोळा झाला. कडूबा आंगठ्याची चौकशी कराले आला अन् सरवरीनं त्याले दारातूनच परत पाठवलं.

तं असं हाये. आंगठा आता बरा हाये, पट्टी हाये, म्हैस खुशाल. तुमी काही जिवाले लावून घेऊ नका अन् येऊ तं मुळीच नका. ज्ञानेश्वरले आशीर्वाद. काजलले सांगा, सासूच्या चहात साखर टाकून पाहाय, घरात आवाज कमी होते.

तुमची
अन्नपूर्णा

ता. क. न्हाव्याचं गजेंद्रले बोलू नका. तो पुन्याले परत गेला, अन् तिथून गावात फोन लावून इचारून राह्यला का कोनता न्हावी वारला. आपल्या गावचे दोघंही धडधाकट हायेत, त्यातला एक माह्यावर रागावला.

ता. क. दुसरा. वर गाडीतली गोठ मी पुरी लिहिली नाही. तो म्हटला ना, घरात दोघी असत्या तं. तं मी खिडकीतून पाहता पाहता म्हटलं का दोघीच राहनार आहोत, तुही आत्या येऊन राह्यली, तिचं अन् माहं फोनवर ठरलं. त्यानं गाडी बाजूले लावली. म्हने, आत्या? तुह्यासंगं? मी म्हटलं, हाव, रडल्या बिचाऱ्या फोनवर. तो आत्याले फोन करतो म्हटला तं मी म्हटलं नको, त्याहिले आताच उमाळा येऊन गेला. मंग तो हासला. बापाच्या मौतीनंतर पहिल्यांदा मोकळा हासला. तं महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी सकाळी दहाले, पुन्याहून येता येता, त्याची गाडी हिवरा आश्रमाले तुमच्या दारात थांबंन. तुमाले नाही म्हनायचं असंन तं त्याच्या तोंडावर नाही म्हना. तो समजून जाईन, अन् मी मुकाट्यानं पुन्याले जाईन. तुमच्यामुळं गेली असं मी कोनाले सांगनार नाही. (सरवरीले सांगीन. अन् पाटलाच्या सुनेले.)

ता. क. तिसरा. नखाले तुमाले हात लावू देनार नाही, भिऊ नका. ते सरवरी कापंन. तुमी निस्त्या बाजूले बसा अन् तिच्या चुका काढा, ते तुमाले जमते. डॉक्टरीनबाई म्हने आंगठ्याचं नख पुरं वाढायले वरीसभर लागते. मी तिले तीन डाव इचारून घेतलं, पुरं वरीस का? हाव म्हने, पुरं वरीस. तं तेवढं राहा. मंग भांडून जायचं असंन तं खुशाल जा.